पाच जणी

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

गेलेच मी उस पार, नदीपलीकडे. एकटी!

धाकटी बहीण लतिका मुलाकडे रत्नागिरीला राहायला गेली, तेव्हापासून रविवार नुसता पसरतो. आम्हा दोघींचा रविवार ठरलेला असायचा — रामघाटावरून नाव, पलीकडच्या वाळूत गोवऱ्यांचा अहरा, त्यात भाजलेल्या बाट्या, वांग्याचा चोखा, मग दुपारभर उन्हात लोळणं.

नाव सोडण्याआधी श्रीराम मल्लाहानं विचारलं, "बाकी लोग आ रहे हैं, बहिनजी?" मी म्हटलं, चलो.

एकटीसाठी अहरा पेटवायचा नसतो. विस्तव मोठा होतो, मग त्याच्या मापानं कणीक मळली जाते. बाट्या ढीगभर! श्रीरामला दिल्या, कुत्र्यांना दिल्या, उरलेल्या घरी आणल्या.

संध्याकाळी लतिकाचा फोन. "एकटीच गेलीस, ताई?"

"छे. पाच जणी होतो."

तोंडातून गेलं खरं. पण एकटी म्हटलं असतं, तर तिचा प्रसन्न येऊन घराला कुलूप लावून मला घेऊन गेला असता. तसं तो बोलून दाखवतोच. मला दूधविनायकचा हा मोहल्ला सोडायचा नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लतिकानं समुद्राचे फोटो पाठवले. नारळ, शहाळी, लाटांत प्रसन्न आणि सून ईशानी. मजा आहे बाईची.

शनिवार, १५ नोव्हेंबर

समोरच्या बकुळला उद्या चल म्हटलं. मुलांचा क्लास आहे म्हणाली. वर हसून — "काकू, तुमच्याबरोबर पिकनिक म्हणजे पुन्हा तिमाही परीक्षा!" माझी विद्यार्थिनी. चूक कशी म्हणू?

रविवार, १६ नोव्हेंबर

लतिकाला बाकी चौघींची नावं हवी होती. मुक्ता, विद्युल्लता... सांगत गेले. शाळेतली मुक्ता मुलीकडे पुण्याला जाऊन दोन वर्षं झाली. लतिकाला ठाऊक नाही. विद्युल्लता पोहायला शिकतेय आणि आरडाओरडा फार करते, असंही सांगितलं. लतिका पोट धरून हसली. ती हसल्यावर मला थांबवेना.

रविवार, २३ नोव्हेंबर

वारा. नाव गेली नाही. फोनवर मात्र गेली.

रविवार, ३० नोव्हेंबर

वाळूत शेजारी एक मोठं कुटुंब आलं होतं. अंत्याक्षरी, पत्ते, पोरांची पळापळ. त्यांच्यातली म्हातारी दोनदा बोलवायला आली. "आइए न, अकेले काहे बैठी हैं?" मी सांगितलं, आमची माणसं मागच्या नावेनं येताहेत. तिलाही! मग त्यांच्याकडे पाठ करून जेवले. परतताना श्रीराम काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी जाणार नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

लतिकाचा फोन. वार रविवार नसताना! घाबरले.

म्हणाली, परत येतेय, कायमची, तिकीट काढलंय. तिकडे दर शनिवार-रविवार सगळे समुद्रावर जातात. हिचे गुडघे दुखतात म्हणून हिला घरीच ठेवतात. फोटो ईशानी पाठवते, ही मला पुढे ढकलते. आठवडाभर रविवारच्या आमच्या फोनची वाट बघत बसते. "तुमच्या पाच जणींत मला सहावी घ्याल ना, ताई? मी चोखा करीन."

त्या पाच जणींसाठी ती मुलाचं घर सोडून निघाली होती.

"सहा नाही, लता," मी म्हटलं. "तू आणि मी. दोघीच."

तिकडे कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. फोन ठेवला की काय, असं वाटलं.

मग म्हणाली, "श्रीरामला छोटी नाव आणायला सांग."