लिंबाचा कल

२ फेब्रुवारी

एकदाची आले. सामान चढवायचं नव्हतं, उतरवायचं होतं, कारण खोली अर्धी जमिनीखाली आहे. त्यामुळे हमाल माझ्यावर फारच प्रसन्न होते. एक खोली, तिच्यातच ओटा, पलीकडे न्हाणीघर. खिडकी एकच, छताला टेकलेली. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसतात. दाराची आतली कडी निखळली आहे, ती घरमालकीणबाई दोन दिवसांत बसवून देणार आहेत. पण नवं दुकान इथून चार पावलांवर. दिवसभर दुसऱ्यांची श्रवणयंत्रं दुरुस्त करून आलं की पाठ टेकायला एवढी जागा पुष्कळ झाली. मी खूश आहे.

आईचं लिंबू टेबलावर ठेवलं, शेजारी पुदिना आणि मिरची. लिंबाची बी आईने शेवटच्या आजारपणात लावली होती. आता सोळा पानं आहेत. दादाला ते रोप स्वतःकडे हवं होतं. त्याच्या मते माझ्या हाताखाली प्लास्टिकचं झाडसुद्धा सुकेल. शेवटी तह झाला: महिनाअखेरीला तो बघायला येणार, रोप खंगलेलं दिसलं तर उचलून नेणार. दुसरी चावी त्याला देऊन टाकली. खोलीत ऊन नसलं तर मी ते बनवेन, असंही तोऱ्यात सांगून बसले आहे.

६ फेब्रुवारी

ऊन बनवणं म्हणजे काय ताप आहे! एलईडीची पट्टी आणली, कापली, लाकडी फळीवर चिकटवली. दुसरा तुकडा उलटा जोडला गेला, अधिकला उणे. तो काही पेटेना. तांदळाएवढ्या भागांना सोल्डरचा डाग देणारी मी, आणि वीतभर पट्टीने मला घाम फोडला. अखेर पेटली. पण लाकडात उष्णता कोंडली, गोंद पातळ झाला आणि पट्टी जाऊन पडली पुदिन्यात. फळी भिरकावून देणार होते, पण खोली एवढी लहान की भिरकावणार कुठे?

९ फेब्रुवारी

केकचा ॲल्युमिनियमचा ट्रे पालथा घातला, त्यावर पट्ट्या बसवल्या. उष्णता नीट पसरते. टाइमर लावला, रोज चौदा तास. उजेड मोबाइलवर मोजला, भरपूर आहे.

दादाचा फोन आला होता. लिंबाची दोन पानं गळली आहेत, पण रोप मजेत आहे असं सांगितलं. त्याने फोटो मागितला. मी जुना पाठवला. लाज वाटली, पण त्याचा विजयी चेहरा बघायची माझी तयारी नाही.

१३ फेब्रुवारी

झाडं उजेडाकडे झुकतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. माझी तिन्ही झाडं दिव्याकडे पाठ करून मागच्या कोऱ्या भिंतीकडे झुकली आहेत. कुंड्या फिरवल्या. दोन दिवसांत पुन्हा तेच. दिवा खाली घेतला, वर घेतला, बाजूला घेतला. डोक्यात तिडीक गेली. आणि कहर म्हणजे नवी पालवी फुटते आहे, तीही फक्त भिंतीच्या बाजूला.

१६ फेब्रुवारी

चिडून दोन दिवस दिवा बंदच ठेवला. लिंबाने चार नवी पानं काढली! म्हणजे माझ्या मेहनतीचीच त्याला ॲलर्जी.

घरमालकीणबाई आल्या, कडीचं विसरून. कुंड्या कुठे झुकल्यात ते बघून दारातूनच मागे सरकल्या. मग म्हणाल्या की आधी इथे एक घड्याळजी राहायचा. त्याचीही झाडं फार जोमात होती, तो मात्र दिवसेंदिवस वाळत गेला. धाकटा भाऊ सेवेला आला. घड्याळजी भावाचा हात धरूनच गेला, आणि मग तो धडधाकट भाऊही वाळायला लागला. त्याच भिंतीला टेकून बसलेला सापडला. मी कडीची पुन्हा आठवण करून दिली. बाईंनी नुसती मान हलवली.

१९ फेब्रुवारी

झाडांना लाल उजेड मानवतो म्हणून लाल पट्टी मागितली होती. आणलेली पेटेचना. तणतणत विजेच्या सामानाच्या दुकानात गेले, तर दुकानदाराला हसू आवरेना. पट्टी चालूच होती: इन्फ्रारेड. डोळ्यांना तो उजेड दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतो. चुकून दिली म्हणाला. भले शाबास.

घरी येऊन सहज कॅमेऱ्यातून पट्टी पाहिली. खरंच, जांभळट चमकत होती.

तिच्यामागे भिंतही चमकत होती.

२० फेब्रुवारी

पट्टी काढून टाकली. दिवा बंद. भरदुपार. डोळ्यांना भिंत कोरी दिसते. कॅमेऱ्यात एक उजळ डाग आहे, माणसाच्या उंचीचा. खाली बसलेल्या माणसाच्या. वर डोकं असावं तसं गोल.

दुसरा मोबाइल आमच्या दुकानातून आणून पाहिला. त्यातही तेच. काच पुसली. तेच.

पाइप असेल गरम पाण्याचा, असं मनाला समजावलं आणि भिंतीवर हात ठेवला. तापलेल्या कपाळासारखी लागली. मग थंड झाली. एकदम.

२१ फेब्रुवारी

कॅमेऱ्यात भिंत काळी. काही नाही. सुटले म्हणून हसले.

मग कुंड्या पाहिल्या. तिन्ही झाडं खुर्चीकडे झुकली आहेत.

खुर्चीत मी बसले होते.

२३ फेब्रुवारी

ओट्यापाशी उभी राहिले. तासाभरात पानं तिकडे. पलंगावर बसले. तिकडे.

दुकानात गल्ल्यावरच्या बाईंनी एक वेल ठेवली आहे. दुपारपर्यंत तिचा शेंडा माझ्या टेबलाकडे. बाईंना गंमत वाटली. म्हणाल्या, तुमचा हात गुणी दिसतोय.

घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकावर आला. महिन्यापूर्वी मधल्यावर होता.

२५ फेब्रुवारी

कॅमेऱ्यातून हात पाहिला. बोटं उजळ. मनगट उजळ. कोपरापर्यंत —

चेहरा पाहायची हिंमत नाही.

भिंतीला हात लावला. पाठ टेकली. गाल लावला. घे म्हटलं, घे परत. काही होत नाही. भिंत थंड. ते जिवंत माणसाला धरून बसतं.

दादाला फोन केला. येऊ नकोस म्हटलं, का ते सांगता येईना. तो समजुतीने बोलला. म्हणाला, जुना फोटो पाठवलास तेव्हाच ओळखलं होतं मी. झाड मेलं असेल तर मेलं, मी रागावणार नाही, वेडाबाई. महिनाअखेर कशाला, परवाच येतो.

किती ओरडले. त्याला वाटलं, झाडासाठी रडतेय.

२६ फेब्रुवारी

लिंबाला कळी. आईला केवढा आनंद झाला असता.

दिवा लावून अगदी जवळ ठेवला. निदान त्याच्याकडे वळा. एक पान वळत नाही. एवढा खपून केलेला दिवा — ट्रे आपटला. आपटायचीही ताकद नाही.

घरमालकीणबाई फोन उचलत नाहीत. कडी —

२७ फेब्रुवारी

पायऱ्यांवर दादा. चाल ओळखते मी.

टेबल दाराशी ढकलायला गेले. हललं नाही. जमिनीवर बसून लिहितेय. ओरडले, आवाज नाही निघत. वाचलंस तर — दादा, हात लावू नकोस मला. उचलायला येशील तू, मी पडले की उचलतोसच, लहानपणापासून — नको.

लिंबू फुललंय. सगळी पानं माझ्याकडे. तशीच राहा. माझ्याकडेच राहा. माझ्याच —

हाक मारतोय. म्हणतोय, झाड गेलं तर गेलं, दार उघड.

चावी फिरली.

पानं हलली. वारा नाही. एकेक पान माझ्याकडून हळूहळू दारा