पणजीचा धंदा, जसा नोंदीत आहे तसा

मी, खाली सही करणारी, वय चौतीस, धंदा रुग्णालयात रक्त काढणे व तपासणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे; दम मात्र पुरत नाही. मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. कोणाचाही दबाव नाही.

१. दोन खोल्यांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक ताईला. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो. तो बिघडलेला नाही, तसाच बसवला आहे.

२. सूक्ष्मदर्शक भाचीला. भिंग ओढणीने पुसू नये.

३. माझ्या अहवालांवर स्वतःची सही ठोकणाऱ्या वरिष्ठांना काही नाही. त्यांनी आधीच घेतले आहे.

४. बैठकीतली वंशावळ. जन्मभर कचेरीत टाइपरायटर बडवलेल्या काकांनी ती तयार केली. तीत पणजीपुढे 'वैद्य', माझ्यापुढे 'डॉक्टर' आणि स्वतःपुढे 'अधिकारी' असे लिहिले आहे. रुग्णालयाच्या जुन्या हजेरीपटात पणजीचा धंदा 'जळवा लावणारी' असा आहे. मला आधी वाटले, पकडून विकत असेल. मग रुग्णांच्या नोंदी वाचल्या. सुजलेला गुडघा, जळवा सहा. मीठ टाकून सोडवल्या. रक्त थांबेना म्हणून जळवा लावणारी बाई दोन तास जखम दाबून बसली. जळवा गेल्या, धंदाही बुडाला. त्यासाठी बाईला नोंदीतून पुसून टाकायचे कारण नाही.

काकांना हे सांगितले.

"अगं, वैद्य लिहिलं तर कोणाचं काय गेलं?"

"तिचं."

"मेलेल्या माणसाला काय कळतंय?"

"म्हणून माझं आत्ताच सांगतेय, काका. डॉक्टर खोडा."

काका उठून गेले. पुन्हा वाद घालण्याचे त्राण नाही, म्हणून इथे लिहिते: पणजीपुढे 'जळवा लावणारी', माझ्यापुढे 'रक्त काढणारी' अशी दुरुस्ती करावी. पुढे हे शब्द कोणाला कळले नाहीत, तर भाचीने समजावून सांगावे. दुरुस्तीशिवाय ती वंशावळ भिंतीवर राहू नये.

५. ज्याला काही मिळत नाही त्यानेच साक्ष द्यावी, म्हणून काकांना बोलावले. कुरकुरत आले, पण सगळे वाचून सहीला तयार झाले.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ९ मार्च २०२४, शनिवार

लिहून ठेवणारीची सही

साक्षीदार १: शेजारी. धंदा: सुतारकाम. सही.

साक्षीदार २: काका. धंदा: टंकलेखक, निवृत्त. सही.
(वर आधी 'अधिकारी' लिहिले होते. ते मीच खोडले. खाडाखोड मान्य. काका.)