नाव न सांगणाऱ्या भगिनीची शाल

९ मार्च, रविवार. दुपारी ३.
आज चर्चचा वर्धापनदिन, आणि आजच चौतीस वर्षांची मैत्री संपली. सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे कोणी माझ्यावर ढकलायला नको. ही वही कोणी वाचणार नाही हे माहीत आहे. तरीही.

वेदीवरची फुलं आम्ही दोघी करतो, एक रविवार मी, एक रविवार ती. आज पाळी माझी. सकाळी सातपासून खपून अकरा ग्लॅडिओली लावल्या. साडेनऊला ती आली. डोकं तिरकं करून बघितलं आणि पाळकसाहेब, पाळकीणबाई आणि अख्ख्या क्वायरच्या देखत त्यातल्या तीन उपटून काढल्या. वर म्हणाली, हं, आता कसं मोकळं वाटतंय. पाळकीणबाई म्हणाल्या, खरंच की.

मी काही बोलले नाही. उलट बोलणं माझ्या स्वभावातच नाही. एवढंच म्हटलं की यापुढे सगळे रविवार तूच कर, महाराणी. तेही हळूच म्हणणार होते, पण नेमका त्याच वेळी ऑर्गन थांबला.

ठरलं. तिने माफी मागेपर्यंत अबोला. माफी त्याच सगळ्यांसमोर, उभं राहून.

११ मार्च, मंगळवार.
वॉटरकलरचा क्लास. पेअरचं फळ काढलं. सर म्हणाले, बदक छान जमलंय. शेजारची खुर्ची रिकामी. महाराणी आल्या नाहीत. तोंड दाखवायची लाज वाटत असणार. दोन दिवसांत एवढा परिणाम, मलाही वाटलं नव्हतं.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी.
चार वाजता तिचा फोन. नऊ वेळा वाजला, मी मोजले. उचलला नाही. पहिल्याच फोनला उचललं तर माणसाला किंमत राहत नाही. दुसऱ्यांदा केला की उचलायचा, असं ठरवून खुर्ची फोनजवळ ओढली आणि विणत बसले. सात वाजले, फोन आला नाही. म्हणजे कळकळ किती होती ते समजलंच.

पाठ अवघडली आहे. उद्यापासून व्यायाम.

१८ मार्च.
व्यायाम पुढच्या सोमवारपासून. आठवड्याच्या मधेच कोणी सुरू करत नाही.

३० मार्च, रविवार.
आज आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत पाळकसाहेबांनी शेवटी म्हटलं, आणि आपल्या मंडळीतल्या एका भगिनीसाठी, ज्यांनी आपलं नाव न सांगण्याची विनंती केली आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केवढी नम्रता! नाहीतर काही जणींना एखादं फूल उपटायलासुद्धा प्रेक्षक लागतात.

या भगिनीसाठी रोज प्रार्थना करायची. सकाळ-संध्याकाळ. हा संकल्प मोडणार नाही.

फुलं आज पाळकीणबाईंनी लावली होती. म्हणजे बाईसाहेबांनी तीन आठवड्यांत हात वर केले. मी चौतीस वर्षं केली हो.

३ एप्रिल, गुरुवार.
विणकाम मंडळ. आमच्याकडे पद्धत अशी, की मंडळीत कोणी फार आजारी असेल तर एकीने शाल विणायची. कोणासाठी ते विचारायचं नाही. ओळ संपली की त्या माणसासाठी एक प्रार्थना, मग पुढची ओळ. शाल पाळकीणबाईंकडे द्यायची, त्या पोचवतात. आज त्यांनी त्या नाव न सांगणाऱ्या भगिनीसाठी शाल हवी म्हटलं आणि थेट माझ्याकडे बघितलं. साहजिक आहे. माझ्याइतके एकसारखे टाके तिथे कोणाचे पडतात?

रंग विचारला तर म्हणाल्या, फिकट जांभळा, त्यांना तोच आवडतो. महाराणींचाही तोच. पण आजारी बाईचा त्यात काय दोष. जांभळी लोकर घेऊन आले.

१० एप्रिल.
चाळीस ओळी, चाळीस प्रार्थना. बत्तीसाव्या ओळीला टाका सुटला, कारण मनात तिचा विचार आला. आठ ओळी उसवल्या. प्रार्थना उसवता येत नाहीत, त्या जमा धरल्या.

२७ एप्रिल, रविवार.
आली! दीड महिन्याने. सगळ्यात मागच्या बाकावर. आणि अवतार काय! डोक्याला रंगीत स्कार्फ, कानावरून घट्ट बांधलेला. सत्तरीला आलेल्या बाईला फॅशन सुचते आहे. बारीकही झाली आहे चांगलीच. मला चिडवायला डाएट केलं असणार. गेल्या वर्षी आपण दोघींनी मिळून करू म्हणाली होती, तेव्हा मी गुडघ्याचं कारण दिलं होतं.

पहिल्या भजनाला तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. मी लगेच पुस्तकात डोकं घातलं. पान भलतंच होतं, मी दोन कडवी नुसतीच तोंड हलवत राहिले.

आशीर्वादाच्या आधीच उठून गेली. हळूहळू, बाकांना धरत. नाटकी.

४ मे, रविवार.
मुलाचा फोन. त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, आई, हे तू मला पाचव्यांदा सांगते आहेस. मग म्हणाला, तूच का करत नाहीस मावशीला फोन? पोटचा मुलगा, पण तिच्या बाजूने. लहानपणी तिच्याकडे जास्त राहिला त्याचा परिणाम. माझी ऑपरेशनं, त्याच्या बाबांचं आजारपण, तेव्हा तीच सांभाळायची. म्हणून काय फुलं उपटायची?

११ मे.
व्यायामाऐवजी रोज चालायचं ठरवलं. तिच्या घरावरून जाणारा रस्ता लांबचा पडतो, म्हणून तोच निवडला. खिडक्या बंद. दारात तिच्या मुलीची गाडी. मुलगी एवढ्या लांबून आली आहे म्हणजे मजेत आहेत.

१५ मे, गुरुवार.
शाल पूर्ण. दोनशे अठरा ओळी. एवढं सुंदर काम मी आजवर केलेलं नाही. अंगावर घेऊन आरशात बघितलं, मग दुसऱ्याची वस्तू म्हणून पटकन घडी घातली. शेवटची प्रार्थना मोठ्याने केली: प्रभू, या भगिनीच्या जवळ तिचं माणूस असू दे. पाळकीणबाईंना दिली तेव्हा त्यांनी ती उगाच बराच वेळ छातीशी धरून ठेवली.

२५ मे, रविवार.
भगिनीचा निरोप आला! शाल फार आवडली, दिवसभर पायांवर असते, आणि किनार नेहमीसारखीच घट्ट आहे म्हणाल्या.

नेहमीसारखी? मी चक्रावले. मग लक्षात आलं, माझ्या विणकामाची ख्याती बरीच पसरलेली दिसते. हे महाराणींच्या कानावर जायला हवं. कसं, ते बघते.

८ जून, रविवार.
उपासनेनंतर पाळकीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, एकदा जाऊन या हो तिच्याकडे. मी ओळखलं, हिने यांना मध्यस्थ घातलं. म्हटलं, माझी काही हरकत नाही, पण पाऊल तिने उचलायला हवं. त्या म्हणाल्या, तिला आता नाही जमायचं. मी म्हटलं, फुलं उपटायला तर जमलं होतं.

त्यांचे डोळे भरून आले. ॲलर्जी असावी, हल्ली फुलं त्याच करतात ना.

घरी येताना मात्र चालणं झालं नाही. गुडघा.

२१ जून, शनिवार.
खूप विचारान्ती ठरवलं, की आपण मोठ्या मनाने तिला क्षमा करायची. भाषण लिहून काढलं. मुद्दे चार. एक, मला किती दुःख झालं. दोन, तरी मी शांत राहिले. तीन, फुलांची मांडणी हा ज्याच्या त्याच्या दृष्टीचा प्रश्न आहे, मात्र अकराच योग्य होत्या. चार, झालं गेलं विसरू. आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा चारपर्यंत पोचलेच नाही, तिसऱ्या मुद्द्यालाच आवाज चढला. अजून जरा तयारी हवी.

कधी जायचं? पुढच्या आठवड्यात. किंवा पहिल्या तारखेनंतर.

तिच्याशिवाय वॉटरकलरमध्ये मजा येत नाही. चित्राला नावं ठेवायला कोणीतरी लागतं. हे इथेच लिहिते, बोलणार नाही.

३ जुलै, गुरुवार. सकाळी ११.
हद्द झाली!

तिच्या घरावरून चालत होते. मागच्या अंगणातल्या दोरीवर माझी शाल वाळत होती. फिकट जांभळी. मी कुंपणाशी जाऊन किनार बघितली. माझीच!

एका आजारी, गरीब स्वभावाच्या, नावही न सांगणाऱ्या बाईच्या पायांवरची शाल हिने लाटली. कशी, ते देव जाणे. पाळकीणबाईंकडून गोड बोलून घेतली असणार, रंग तिच्या आवडीचा ना. माझ्या दोनशे अठरा प्रार्थना हिच्या अंगणात वाळताहेत! आता अबोल्यावर भागणार नाही. उद्या थेट पाळकसाहेबांकडे तक्रार. लेखी.

४ जुलै, शुक्रवार. सकाळी ९.
तक्रार लिहून झाली, दीड पान. निघते.

दुपारी १.
पाळकसाहेबांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. मग उठून माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, मला बसायचं नाही, मला न्याय हवा. ते म्हणाले, बसा. त्यांनी आत हाक मारली आणि पाळकीणबाई आल्या, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेव्हा मला कळलं. त्यांनी सांगायच्या आधीच कळलं.

ती भगिनी तीच आहे. मार्चपासून. मी फोन उचलला नाही, त्याच आठवड्यात रिपोर्ट आला होता.

संध्याकाळी.
काही लिहवत नाही. मला तो स्कार्फ फॅशन वाटला.

५ जुलै, शनिवार.
गेले. दार तिच्या मुलीने उघडलं. मावशी, एवढंच म्हणाली आणि गळ्यात पडली.

पलंग समोरच्या खोलीत आणला आहे, खिडकीपाशी. मी दारातच थांबले. चार मुद्दे, दीड पान, काही म्हणजे काही आठवेना. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, आलीस? ये, बस. उशी जरा वर कर माझी, हिला जमत नाही.

मी उशी वर केली. जास्त झाली, तिने खाली करायला लावली. मग परत वर. मग म्हणाली, हं. आणि झोपली. मी दोन तास तिथेच बसले, ती जागी झाली नाही.

निघताना मुलीने सांगितलं. नाव सांगू नका, हे तिचंच म्हणणं. सगळ्यांपासून लपवायचं नव्हतं, एका माझ्यापासून लपवायचं होतं. मुलीने कितीदा म्हटलं, मी कळवते मावशीला. तर म्हणाली, नको, कळलं की ती कीव करून धावत येईल. मला ती भांडायला आलेली चालेल. रागावली आहे, पण येईल बघ, फार तर पंधरा दिवस.

रोज दुपारी चारला खिडकीतून रस्ता बघायची म्हणे. मी चालायला जायची वेळ सकाळची. तिला ऊन सोसत नाही, म्हणून सकाळी तिकडचा पडदा ओढलेला असतो.

७ जुलै.
आज थोडी जागी होती. मी तिला क्लासमधलं बदक दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, पेअर चांगला आहे. जगात एकटीने ओळखला. मी बाहेर जाऊन रडून आले.

९ जुलै.
झोपून. डॉक्टर म्हणाले, आता औषधं फक्त दुखू नये म्हणून. मी त्यांना सांगितलं की तिची प्रकृती मुळात दणकट आहे, सप्टेंबरपर्यंत हिंडायला लागेल. मुलीने माझा हात धरला.

१२ जुलै.
झोपून. ओठ कापसाने ओले करायचे असतात, ते काम माझ्याकडे घेतलं. मुलगी तासभर झोपू शकली.

१४ जुलै, सोमवार.
सकाळी सहा वाजता गेली. मी तेव्हा घरी होते, अंघोळीला.

१६ जुलै, बुधवार. संध्याकाळी ५.
दफन झालं. खूप माणसं आली होती. पाळकसाहेबांनी तिचं पूर्ण नाव घेतलं तेव्हा मी खाली मान घातली ती वर केलीच नाही.

नंतर हॉलमध्ये क्वायरमधल्या एका बाईने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, बरं झालं हो, तुम्ही शेवटपर्यंत तिच्याजवळ होतात, मैत्रीण असावी तर अशी. आणखी दोघी-तिघी माना हलवत जवळ आल्या. मी म्हणाले, हो.

घरी आले आणि चपला न काढताच लिहायला बसले. त्यांच्यासमोर हो म्हटलं, निदान इथे तरी खरं लिहिते. मी शेवटपर्यंत जवळ नव्हते. ती चार महिने आजारी होती आणि मी नऊ दिवस होते, त्यातले सात दिवस ती झोपून होती. चूक माझी होती. तिची माफी मला मागायची होती, आणि मी मागितली नाही. दोन दिवस ती जागी होती, तेव्हा मी उशा हलवल्या आणि चित्रं दाखवली. रोज घरी येताना वाटायचं, आज तिला बोलायचा त्रास नको, उद्या जरा बरं वाटेल तिला, तेव्हा सांगू.