सर्वेक्षणाला गेले आणि कुंकू लावून आले

मु. पो. मूल,
संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार

चि. रोशन यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण तू फोन उचलत नाहीस आणि बुटीबोरीच्या तुझ्या कंपनीत विचारपूस करायला माझ्या ओळखीचं कोणी नाही. म्हणून हा कागद. कागद कट करता येत नाही. इकडं सगळं ठीक आहे. आई बरी आहे, तुझे भाऊजी (आमचे श्रीहरीराव) राइस मिलमधून कोंड्यानं पांढरे होऊन येतात आणि मी समाजकार्यात एम.ए.च्या तोडीची मोठी पदवी करते आहे, घरबसल्या, मोबाइलवर. ही शेवटची बातमी तुला नवी असेल. दिवाळीला आला असतास तर जुनी झाली असती.

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट. मागच्या वर्षी त्या शेवटच्या मुलीकडून नकार आला तेव्हा तू म्हणालास की, आता माझ्यासाठी कुठं मुलगी पाहायला गेलात तर मूलला पाय ठेवणार नाही. मी तुला शब्द दिला होता. मुलगी आम्ही पाहिली नाही, तरी तू दिवाळी बुडवलीसच. पण मी शब्द मोडलेला नाही. (असं मला वाटतं. सगळं वाचून तूच सांग, कारण मला आता कशाचीच खात्री राहिलेली नाही.)

झालं असं. बचत गटाच्या कामात वरची जागा पाहिजे तर ही पदवी लागते असं ऐकलं आणि मी नाव घातलं. वर्ग मोबाइलवर भरतो. नेटवर्क फक्त छतावरच्या पाण्याच्या टाकीजवळ येतं, म्हणून माझं उच्च शिक्षण टाकीला पाठ टेकून चालू आहे. एकदा माइक बंद करायचा राहिला आणि 'मानवी प्रतिष्ठा' या धड्याच्या मधोमध मी शेजारच्या बोकडाला काय काय म्हटलं ते अख्ख्या वर्गानं ऐकलं. दुसऱ्या वेळी मॅडमनी नाटुकलं करायला लावलं. मी दारुड्याची बायको आणि गोंदियाकडची एक बाई माझी समुपदेशक. मी इतकी मनापासून रडले-ओरडले की गल्लीतले दोन म्हातारे खाली येऊन तुझ्या भाऊजींना समजावत बसले. बिचाऱ्या भाऊजींनी जन्मात कधी ताडीसुद्धा चाखली नाही. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत आणि मला त्यात शंभरपैकी बरे गुण मिळाले.

आता अभ्यासाचं ऐक. ज्याची अडचण असते त्याला 'सेवार्थी' म्हणायचं. सेवार्थ्याच्या भावनांमध्ये गुंतायचं, पण नियंत्रित गुंतायचं. म्हणजे किती, ते पुस्तकात नाही. मी मॅडमना विचारलं तर त्यांचं चित्र तोंड उघडं असतानाच अडकलं, आणि परत हललं तेव्हा पुढचा धडा सुरू होता. त्यामुळं ते नियंत्रण माझं कच्चंच राहिलं आहे, हे पुढं दिसेलच.

मग आलं क्षेत्रकार्य. एका गावात जाऊन कुटुंबांचं सर्वेक्षण करायचं. मॅडमनी बजावलं की थेट प्रश्न विचारू नका, आधी आपुलकी जोडा, स्वतःच्या घरचं थोडं सांगा म्हणजे समोरचा खुलतो. मी जंगलाकडचं बोरटोला निवडलं, कारण तिथं नाटकाचा बोर्ड लागला होता आणि नाटक जवळ आलं की माणसं घरी सापडतात. आपल्या झाडीपट्टीत नाटकाच्या निमित्तानं पाहुणे येतात आणि पाहुण्यांच्या निमित्तानं मुली दाखवल्या जातात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझंही असंच जमलं होतं. पण मी त्या दिवशी विद्यार्थिनी होते ना. डोक्यात सगळी प्रश्नावली. स्वतःचं गाव विसरायला लावतं रे हे शिक्षण.

पहिलंच घर लटारूभाऊंचं. धानाची शेती, दोन खोल्या, अंगण सारवलेलं. मी आपुलकी जोडली. म्हटलं, मी मूलची, मालक मिलमध्ये, आई आमच्याजवळ असते, एक भाऊ आहे, बुटीबोरीला नोकरीला, वयानं मोठा झाला, लग्न नाही, त्याचीच घरात काळजी. (पुस्तकात लिहिलं आहे की आपलं दुःख प्रामाणिकपणे सांगावं.) मग मी विचारायला लागले. घरात किती माणसं? लग्नाची कोण? शिक्षण किती? शेती किती? कुणाला काही आजार? स्वयंपाकघर पाहू का? एवढ्यात त्यांची मुलगी चंचल पाय धुवायला पाणी घेऊन आली, डोक्यावर पदर. मी लिहिलं, 'पाण्याची सोय उत्तम.' मागोमाग चहा-पोहे आले. मी लिहिलं, 'समुदाय अगत्यशील.' लटारूभाऊंची विधवा बहीण दाराआडून म्हणाली, "पोरगा पेत नाई ना बाई?" मी म्हटलं, अजिबात नाही. आणि लिहिलं, 'महिलांमध्ये व्यसनाविषयी चांगली जागृती.'

आता सांग, यात माझं काय चुकलं?

चुकलं ते निघताना. संक्रांतीचे दिवस, म्हणून मी पिशवीत हळदीकुंकू, तिळगूळ आणि वाण द्यायला कंगवे घेतले होते. एरवी मी सवाष्णींनाच कुंकू लावलं असतं. पण आदल्याच आठवड्यात धडा झाला होता की भेदभाव करायचा नाही. म्हणून मी आधी त्या विधवा आत्याबाईंना लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. त्या भरात मी चंचललाही लावलं आणि तिच्या ओंजळीत तिळगूळ, कंगवा ठेवला. घर एकदम गप्प झालं. मला वाटलं, समतेचा परिणाम. लटारूभाऊंनी बायकोकडं पाहिलं, बायकोनं देवाकडं. मुलाकडच्या बाईनं येऊन पोरीला कुंकू लावलं की आपल्याकडं मुलगी पसंत झाली असं धरतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं एसटीत बसल्यावर, आणि तेव्हा गाडीनं गाव सोडलं होतं.

म्हटलं, विसरून जातील. पण चारेक दिवसांनी मी छतावर मोबाइलपुढं उभी राहून याच सर्वेक्षणावर वर्गात बोलत होते, तोच दारात ऑटो थांबला. लटारूभाऊ, गावातले दोन वडीलधारे आणि लाडूंचा डबा. भाऊजींनी त्यांना सरळ वरच पाठवलं. कॅमेरा सुरू, वर्ग पाहतो आहे, आणि लटारूभाऊ हात जोडून म्हणतात, "आमाले मंजूर हाये बाई. नाटकाच्या दिवशी पोराले घेऊन या, बसून बोलून टाकू."

मी म्हटलं, "भाऊ, मी त सर्वे कराले आली होती."

"तेच त," ते म्हणाले, "सर्वे केल्याबिगर कोणी सोयरीक करते का? आमीबी तुमचा केला. मिलच्या गल्लीत इचारून आलो. तुमचे मालक पेते म्हणतेत, पण पोरगा चांगला हाये."

मॅडमना आवाज तुटक येत होता. त्या गहिवरून म्हणाल्या, समुदाय स्वतःहून कार्यकर्त्याच्या दारी येणं हे विरळ आहे, सगळ्यांनी यातून शिका. वर्गातल्या बायकांनी पडद्यावर अभिनंदनाचे फुलांचे गुच्छ पाठवले. मला त्या वेळी टाकीत उडी घ्यावीशी वाटत होती.

तरी मी सगळं खरं सांगून टाकणार होते, देवाशपथ. पण जिन्यातून आई वर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती खाली जाऊन हातपाय धुऊन, नवं पातळ नेसून आली आणि तुझा फोटो लटारूभाऊंच्या हातात ठेवला. मोहर्लीच्या रिसॉर्टपुढं सिमेंटच्या वाघाच्या तोंडात हात घातलेला तो फोटो. दुसरा नव्हताच. दिवाळीपासून ती नीट जेवत नव्हती रोशन, त्या दिवशी तिनं मागून भात घेतला. मग सांग, मी कुणाला आणि काय सांगायचं?

मॅडमना मी फोन केला. त्या म्हणाल्या, सेवार्थ्याच्या निर्णयाचा आदर करा. मी विचारलं, यात सेवार्थी कोण? लग्न तुझं, पोरगी त्यांची, आस आईची आणि अडचणीत मी. मला वाटलं, नेटवर्क गेलं. गेलं नव्हतं.

म्हणून तुला विचारते. लग्न नको तर नको, पण स्वतः येऊन त्या माणसांना नीट सांग. माझ्या चुकीपायी त्या पोरीच्या नावाची गावात चर्चा नको. माझ्यावर रागाव, दोन शिव्या दे, पण येऊन दे.

भाऊजींचा नमस्कार. (ते अजून गल्लीत मान खाली घालून चालतात.)

तुझी गोंधळलेली ताई,
इंदू

ता. क. पत्र टाकायच्या आधीच चंचल येऊन गेली. बाजाराच्या दिवशी एकटी, एसटीनं. म्हणाली, "ताई, राग नका मानू. मी बाबाले नाई म्हटलं. वाघाच्या तोंडात हात घालून हासून राह्यला तो, ते चालून जाईन. पण जो दिवाळीले मायकडं येत नाई, तो माह्याकडं काय येईन?" मी चहा ठेवला. तेव्हा साहेब, वरचं सगळं रद्द. ज्या नकाराला भिऊन तू तिकडं दडून बसला आहेस तो इकडं न येताच तुला मिळाला आहे. आता घरी यायला कसली भीती उरली?

दुसरी ता. क. आईला सांगितलं. ती म्हणाली, पोरगी नाई त नाई, नाटक त हाये. आज तिनं तिकिटं आणवली. तुझं खुर्चीचं, समोरच्या रांगेतलं, आणि स्वतःचं खाली जमिनीवर बसायचं. मी चिडले. म्हटलं, एकदा खाली बसलीस की तुला उठवायला दोन माणसं लागतात, दोन्ही खुर्चीचीच का नाही घेतली? तर म्हणते, "तो आला त मले खाली बसू देईन का?"