कोठाराचं बंद दार

५ जून
शुंगोपावी गावाहून पिकअपनं पाच तास, आणि आज कामावर रुजू झाले. कड्याच्या कपारीत आम्हा होपी जमातीच्या पूर्वजांची एकतीस घरं. त्यांच्या ढासळत्या भिंती सावरायला आम्ही दोघंच, मी आणि अर्विन मामा. सख्खा नव्हे, पण आईच्या कुळातला, म्हणजे मामाच. दहा वर्षांनी भेटला. "गवंडीण झालीस होय गं! आता माझ्याच चुका काढशील," म्हणून हसला. शिडीनं वर गेल्यावर रीतीप्रमाणे मक्याचं पीठ वाहिलं, घरांतल्या पूर्वजांना आल्याचं सांगितलं. कपारीत छान गारवा होता. फार बरं वाटलं.

८ जून
माती चाळायची, भिजवायची, दगडांमधल्या दरजा भरायच्या. जुन्या गिलाव्यात बायकांच्या बोटांचे ठसे आहेत. माझी बोटं त्यात नेमकी बसतात. मामाचा हात अजून सफाईदार चालतो. जेवायला मात्र लांब जाऊन बसतो. आईनं केलेली निळ्या मक्याची पिकी, आमची कागदासारखी पातळ भाकरी, पुढे केली, तर पोट बरं नाही म्हणाला. मग त्यानंच मला माझ्या आईचं नाव विचारलं. वय झालं असेल.

११ जून
मागच्या कोठाराकडे जाऊ नकोस, छत कच्चं आहे, असं मामानं बजावलं. तो माती आणायला उतरल्यावर डोकावले. छत धडधाकट. दार मात्र दगडांनी बुजवलेलं, गिलावा नवा. तिथं तर आम्ही हातच लावलेला नाही. जुनी मडकी चोरून विकणारे असतात. पण आपलाच माणूस? चोर?

१२ जून
मामानं पुन्हा माझ्या आईचं नाव विचारलं. मी मुद्दाम आजीचं सांगितलं. मान डोलावून म्हणाला, "हां, हां. माझी बहीणच ती."

१३ जून, दुपार
तो खाली गेलाय. छिन्नीनं चार दगड काढले.
मडकी नाहीत.
मामा आहे. गुडघे छातीशी घेऊन बसलेला, वाळून काष्ठ झालेला, तरी चेहरा तोच. मी यायच्या कितीतरी आधी मेलेला. आणि मी त्याला याच वहीत चोर—
मग खाली कोण—

शिडी वर ओढून घेतली. तो हाका मारतोय. "शिडी सोड ना, लोरेटा. ऊन लागतंय गं." हुबेहूब मामाचा आवाज. मी ओ देत नाही.

हाका थांबल्या.
कड्यात जुन्या लोकांनी हातापायांसाठी खोबणी कोरल्यात. विसरलेच होते—
चढतोय. घाई नाही त्याला.

काठावर बोटं. डोकं वर आलं. मामाचा चेहरा राहिला नाही. अजून दुसऱ्या कोणाचा झालेला नाही—