बर्बरीचं कन्यादान

२५ ऑक्टोबर, शनिवार

मागं बसा!

शेजारच्या सत्यभामाबाई आज फाटकाशी उभ्या राहून मला हे म्हणाल्या. गल्लीतलं तुळशीचं लग्न दरवर्षी त्यांच्या अंगणात लागतं आणि मंगलाष्टकं मी म्हणते. साकोलीत संस्कृतात एम. ए. केलेली दुसरी बाई नाही. असलीच तर तिला गळा नाही. पण चैत्रात धनंजय गेले, माझं कुंकू गेलं, त्याबरोबर गळाही गेला असावा.

"वैनी, तुमी या बरं. पण मागं बसा. मंगलाष्टकं मोबाईलवर लावून देऊ आमी. शुभकार्य आहे ना. समजून घ्या."

समजून घेतलं! त्यावर आणखी — "आन तुमची तुळस द्याल का? आमची वाळून गेली."

म्हणजे नवरी माझ्या घरची आणि नवरीची आई मागं! विचारलं, विधवेच्या घरची तुळस चालते?

"झाडाले काय होते?"

हसून 'देते' म्हटलं. पेपरची वार्ताहर आहे मी. मनात एक ठेवून हसणं हा धंद्याचाच भाग.

२६ ऑक्टोबर

डोकं भणभणतंय. अरे, वृंदा कोण? जालंधराची बायको. विष्णूनं तिच्या नवऱ्याचं रूप घेऊन तिला फसवलं, तिकडे नवरा मारला गेला. तिनं देवालाच शाप दिला — दगड हो! झाला. शाळिग्राम. आज ज्या तुळशीपुढे मी उभी राहायची नाही, ती स्वतःच विधवा!

हे सत्यभामाबाईंना सांगितलं, तर म्हणतील सिरियलमध्ये असं नाही दाखवलं.

असो. वृंदा रडत बसली नव्हती, एवढं माझ्या लक्षात आहे.

२८ ऑक्टोबर

महामार्गावरच्या नर्सरीत जाऊन आले. सब्जाचं झाड घेतलं. फालुद्यात ज्याचं बी घालतात, तो. संस्कृतात बर्बरी. तुळशीची चुलत बहीण म्हणा — तोच झुबका, तशीच मंजिरी. पान जरा मोठं, गुळगुळीत. वास बडीशेपेकडे झुकणारा. चुनरीखाली वास कोण घ्यायला बसलंय!

जुन्या कुंडीत लावलं, कुंडीला हळदकुंकू लावलं. खरी तुळस मागच्या दारी नेऊन ठेवली. तिलाही म्हटलं — मागं बस, बाई.

१ नोव्हेंबर, एकादशी

नवरी पोचवली. सत्यभामाबाईंनी ओवाळून आत घेतली. कुंडीला! मला नाही.

त्यांचे सासरे कृष्णराव ओसरीवर खाटेत होते. दिघोरीची शेती, धानाच्या बांध्या सोडून, दम्यापायी इकडे मुलाकडे आलेत. मला बघून उठून बसले.

"रेणू माय, यंदाबी तूच म्हनशील ना?"

सून मध्येच — "मामाजी, यंदा मोबाईल म्हनते."

"मोबाईलले का समजते, सावधान काहून म्हनतेत ते?"

सगळ्या गल्लीत एक म्हातारा माझ्या बाजूचा. त्यालाही दम लागतो.

२ नोव्हेंबर, रविवार

लागलं लग्न!

उसाचा मांडव, हिरव्या बांगड्या, आवळा, चिंच. सत्यभामाबाईंची टीना मोबाईल धरून उभी. दुसरं मंगलाष्टक संपलं आणि मोबाईल ओरडला — 'जिद्दी दागों की छुट्टी!' साबणाची जाहिरात. अक्षता सगळ्यांच्या मुठीत तशाच. दोघीतिघींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या खुर्चीत पदर सारखा करत बसले. बोलवा ना आता!

नाही बोलावलं.

बरं झालं. सत्यभामाबाईंनी डोळे पुसत फालुद्याचं कन्यादान केलं. साक्षात नारायण सब्जाचा नवरा झाला. मी मनातल्या मनात म्हटलं — बर्बरीपतये नमः!

घरी येऊन पोटभर जेवले. चैत्रानंतर पहिल्यांदा.

४ नोव्हेंबर

बातमी लिहून ठेवली. मथळा — 'तुळशीऐवजी सब्जाशी विवाह, साकोलीतील प्रकार'. नाव एकाचंही नाही. गल्ली बरोबर ओळखेल.

सत्यभामाबाईंनी कुंडी परत दिलीच नाही. "लई तेज आहे वैनी तिच्यात. आमच्या वृंदावनातच लावून टाकलं." आता रोज सकाळी ओलेत्यानं सब्जाला प्रदक्षिणा घालतात. मी खिडकीत चहा घेऊन बसते. साखर कमी लागते हल्ली.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा

आज त्यांनी नैवेद्यावर ठेवायला पान खुडलं. पौर्णिमेला तुळस खुडत नाहीत. पण शास्त्र मोडलं नाही. ती तुळस कुठाय!

बातमी उद्या पाठवते.

६ नोव्हेंबर

दुपारी टीना धावत आली — "काकू, चला लवकर. आबाजीचं काही खरं नाही."

कृष्णरावांना खाली घेतलं होतं. घरघर लागलेली. मी दाराशीच थांबले, सगळ्यांच्या मागं. सत्यभामाबाईंच्या एका हातात गंगाजळाची वाटी, दुसऱ्या हातात पान. मला पाहून रडायलाच लागल्या.

"वैनी, पुढं या. सकाळपासून तुमालेच बलावून राहिले ते. तुळस तुमच्याच घरची आहे. तुमीच ठेवा जिभेवर."

लोक बाजूला सरले, मला वाट करून दिली. खरी तुळस माझ्या मागच्या दारी. 'थांबा, आलेच' एवढंच म्हणायचं होतं. मग कोणीतरी विचारलं असतं — काहून?

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघत तोंड उघडलं.

ठेवलं.