काकांचं पान

कोडोली,
५ ऑगस्ट २००३

ती. रुद्रेशअण्णास,
शिवलीलेचे शरणु शरणार्थी.

सोबत राखी आहे. गोंडा मोठा म्हणून ओरडू नकोस, दुकानात तसल्याच होत्या. अव्वाचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. बाकी विशेष काही नाही.

विशेष आहे. तुला कसं सांगावं कळेना, म्हणून म्हशीचं पुराण लावलं.

काल मठात श्रावणी सोमवारचा दासोह होता, सगळं गाव जेवायला. गव्हाच्या खिरीची, आपल्या हुग्गीची, बादली घेऊन वाढायला मी होते. वाकून वाढत चालले, तर पुढच्या पानावर चन्नाप्पाकाका! काकू गेल्यापासून एकटेच राहतात, फार वाळलेत. पण माझ्या डोळ्यांपुढे बांधच आला. अप्पा गेले, त्यांना समाधीला नेताना हाच त्यांचा सख्खा भाऊ बांधावर आडवा उभा राहिला, "माझ्या रानातनं न्यायचं न्हाय" म्हणाला, आणि तू अप्पांना खांद्यावर घेऊन ओढ्याच्या पाण्यातून गेलास. पुन्हा या गावात पाय ठेवणार नाही म्हणालास. पाच वर्षं झाली, ठेवला नाहीस.

मी काकांचं पान सोडून पुढे गेले.

सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी घास घेत नाही, हे रागाच्या भरात विसरलेच. अख्खी पंगत हात आवरून बसली, पोरंसोरंसुद्धा. काकांची मान खाली. उठून जातील तर बरं, असं मला वाटलं. अण्णा, खरंच वाटलं.

तेवढ्यात अव्वा बायकांच्या रांगेतून उठली. माझ्या हातातली बादली घेऊन काकांपुढे वाकली.

"शिवे, ही काय तुझ्या चुलीवरची हाय व्हय? देवाची हाय. आपण निस्ती पळी धरायची."

काका हळूच म्हणाले, "वैनी, बांधावरचं इसरलासा?"

"त्ये काय इसरन्यागत हाय व्हय, भावजी? जेवा आदी."

आणि पंगत जेवायला लागली.

मला अजून काकांचा राग येतो, खोटं कशाला सांगू? पण आज सकाळी अव्वानं भाकरी बांधली ती मीच त्यांना नेऊन दिली. तेवढं जमलं. निघताना त्यांनी विचारलं, "रुद्र्या बरा हाय न्हवं?" मी हो म्हटलं. मग वाटभर रडत आले.

शेवटच्या सोमवारचा दासोह आपल्या घरचा, ठाऊकच आहे तुला. अप्पांमागे हुग्गी थोरल्या लेकानं वाढायची, ती पाच वर्षं शेजारी वाढतात. अव्वा तोंडानं बोलत नाही, पण बादली घासून ठेवते आणि दाराकडे बघते. यंदा तू ये. काका रांगेत असतील. आधीच सांगते, मागून लपवलंस म्हणू नकोस.

त्यांच्या पानापाशी तुझा हात थांबेल. माझाही थांबला. थांबला तर थांबू दे, आम्ही घास न घेता बसून राहू.

पानावर बसून तुझी वाट बघणारी,
शिवलीला